डच साहेबांचं गाव

मला युरोपची फार माहिती आहे, असं आमच्या शिरूरमध्ये मानलं जातं. (मानणारी माणसं तीन: मी, माझी मुलगी सई आणि वाचनालयातल्या बाई. युरोपला तिघींपैकी कुणीच गेलेलं नसल्यामुळे या माहितीची तपासणी कधी झाली नव्हती.) वाचनालयातली झाडून सगळी प्रवासवर्णनं मी वाचली आहेत. जुन्या कॅलेंडरांवरची परदेशी चित्रं कापून त्यांना फ्रेमा केल्या आहेत. आणि लोक हॉलमध्ये जिथे टीव्ही लावतात, तिथे मी पुण्याहून आणलेला युरोपचा भलामोठा नकाशा लावला आहे. आमचा टीव्ही फ्रिजवर असतो.

तर एका संध्याकाळी हे कारखान्यातून आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "नव्या मशीनबरोबर आलेले साहेब हायत ना, त्यांना रविवारी जेवायला बोलावलंय. ट्रेनिंगला त्यांच्या देशात कुणाला पाठवायचं ते त्येच ठरवणार. तीन महिने. फॅमिली नेता येती."

माझ्या हातातली पळी कढईत पडली.

"कुठले आहेत साहेब?"

"डच हायत म्हणं."

"म्हणजे जर्मन."

"डच म्हंजी जर्मन?"

"जर्मन लोक आपल्या देशाला डॉइचलंड म्हणतात. डॉइच, डच. एकच शब्द आहे तो." मी शाळेत मराठी शिकवते. शब्द कुठून आला हे मी इतक्या ठामपणे सांगते, की मग मलाही शंका येत नाही.

रविवारपर्यंतच्या पाच दिवसांत मी आमच्या घराचं जर्मनी करून टाकलं. नकाशावर बर्लिनला लाल टिकली लावली. सईने काळा, लाल, पिवळा असा कागदी झेंडा केला. जर्मन माणूस बटाट्यावर जगतो असं वाचलं होतं, म्हणून बटाट्याचे चार प्रकार ठरवले. राहिले आबा. सासऱ्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागे रानोमाळ फिरण्यात गेलेलं. त्यांनी पाहुण्याला त्याच्या भाषेत नमस्कार करावा, एवढीच माझी इच्छा.

"आबा, म्हणा, गुटन टाग."

"काय टाक?"

"टाक नाही, टाग. गुटन टाग."

"आगं पर कुठं टाकू?"

रविवारी साहेब आले. सहा फुटांच्या वर उंची. दारातून वाकून आत आले. नाव हेंड्रिक. आबांनी हात जोडून खणखणीत आवाजात सांगितलं, "गुटान टाक." साहेब क्षणभर थांबले, मग हसून "गुटन टाग" म्हणाले. मी ह्यांच्याकडे बघितलं. बघा, म्हटलं.

सईने झेंडा पुढे केला. साहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "छान आहे. कुणाचा?"

"तुमचा," सई म्हणाली.

"अरे वा, थँक यू," म्हणून त्यांनी तो खिशात ठेवला. मायदेशाच्या आठवणीने भरून आलं असणार, असं मला वाटलं.

मग मी बोलायला लागले. (ह्यांनी सकाळीच विनवलं होतं, "जरा कमी बोल." पण विनवण्या मला नीट ऐकू येत नाहीत.) बर्लिन किती सुंदर शहर आहे ते मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाले, "हो, सुंदरच आहे. मी दोनदा गेलोय."

आपल्या राजधानीला दोनदाच? पण मीही मुंबईला दोनदाच गेले आहे. गरीब घरातून वर आले असतील बिचारे. मी त्यांना आणखी दोन बटाटे वाढले. पुढे ऱ्हाइन नदीचं नाव काढलं, तर त्यांचा चेहरा खुलला. "ऱ्हाइन तर आमच्या घराजवळून वाहते," ते म्हणाले. आता मात्र मला थांबवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही.

"तुमचं गाव दाखवा ना नकाशावर," मी म्हणाले.

साहेब उठले. त्यांनी टिकलीवर बोट ठेवलं आणि ते डावीकडे सरकवायला सुरुवात केली. बोट सरकत सरकत जर्मनीच्या सीमेपर्यंत आलं. सीमा ओलांडून गेलं. पार समुद्राला टेकायच्या बेतात आल्यावर थांबलं.

"इथे," ते म्हणाले.

"नाही नाही, सर," मी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुमचं बोट घसरलं. हा दुसरा देश आहे. हे हॉलंड."

"हो मॅडम. मी तिथेच जन्मलो."

हे ताटातल्या चटणीकडे एकटक बघत होते. सई हळूच म्हणाली, "आई, हॉलंडच्या लोकांना डच म्हणतात का?" मला एकदम आठवलं, की म्हणतात. मी तीन पुस्तकांत वाचलेलं होतं. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या आणि तीन महिन्यांचं युरोप डोळ्यांदेखत बटाट्याच्या रश्श्यात बुडत होतं.

तेवढ्यात आबांनी सईला सांगितलं, "इचार त्येंला, मेंढरं हायत का तिकडं?"

सईने विचारलं. साहेबांच्या वडिलांकडे साठ मेंढ्या निघाल्या. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून दाखवले. आबांनी चष्मा लावला, एका मेंढीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिचं खूर सडतंय. उभी कशी हाय बघा. ओलीत ठिवू नका म्हणावं."

साहेब चकित झाले. "खरंय, ती लंगडते. पण ओलीत ठेवू नका म्हणजे काय करू? आमचा सगळा देशच ओला आहे."

सईने भाषांतर केलं. आबा शांतपणे म्हणाले, "मग देश बदला."

तेही सईने सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडमनी दुपारीच बदललाय."

पहिल्यांदा हसले ते आबा, आणि तेही इंग्रजी न समजता. मग सगळेच हसलो. साहेब अंधार पडेपर्यंत आबांच्या शेजारी बसून होते.

दीड महिन्याने निवड झाली, ती ह्यांचीच. साहेबांच्या वडिलांनी आबांना घेऊनच या असा निरोप दिलाय. आबांचा पासपोर्टही झाला. साहेबांकडून माझ्या नावाने एक पार्सलही आलं. आत सुंदर रंगीत चित्रांचा, त्यांच्या देशाच्या नकाशांचा संग्रह. मुखपृष्ठावर मोठ्या आकड्यांत लिहिलंय, वयोगट सहा ते आठ वर्षं. मी रोज एक पान करते. सई म्हणते, परीक्षा तीच घेणार.