भाच्यानं नेलेली बाजरी

आमच्या वालाम गावच्या वाळूत बाजरी सगळेच पेरतात, पण किम्बाची बाजरी मरायचं सोंग करायची. पावसानं दडी मारली की दुपारी तिच्या पानांची सुरळी होई, मग पहिलं ताट उभ्यानं वाळून जाई. दुसरा कुणी कपाळाला हात लावून नवं पेरायला घेईल. किम्बा वाट बघे. एक सर आली की बुडातून तीन-चार फुटवे वर येत. अशी मरून उठलेली ताटं तो उभ्या पिकात हेरायचा, त्यांना चिंधी बांधायचा आणि बियाण्यासाठी त्यांचीच कणसं चुलीवरच्या धुरात टांगायचा. कणगीतला दाणा खाण्याचा. त्यात शेजाऱ्यांच्या वाणाची सरमिसळ. चाळीस वर्षं हेच केलं त्यानं.

त्या वर्षी बहिणीचा मुलगा सुमाना आला. नियामे शहरात तो एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. आम्हा झार्मा लोकांत भाच्यानं मामाच्या घरातलं हसत उचलावं आणि मामानं शिव्या द्याव्यात, अशी रीतच आहे. सुमानानं आजवर टोप्या नेल्या, कोंबडे नेले, एकदा तर चुलीवरचं मांस भांड्यासकट नेलं. या खेपेला त्यानं कणसांच्या जुडीला हात घातला.

"गाढवाच्या लेका, ठेव ते," किम्बा हसत म्हणाला. वर कोणत्या ताटाला चिंधी बांधायची, कशासाठी, तेही सांगून बसला. चार कणसं ठेवून जाईल, अशी त्याची समजूत. भोळाच तो. संध्याकाळी पाहिलं तर आढ्याला नुसती दोरी.

पुढच्या पावसाळ्यात नाइलाजानं कणगीतलं पेरलं. मध्येच तीन आठवडे कोरडे गेले. पाऊस परतला, तेव्हा अख्ख्या शेतात कुठे एखादं ताट उठलं. मग मात्र किम्बानं नियामेची गाडी धरली.

सुमानानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आपल्या आईची खुशाली विचारली. किम्बानं मूठभर बी मागितलं.

"ते आता कंपनीचं झालं, मामा. मीच कागदावर सही केली. त्यातला दाणासुद्धा मला देता येत नाही." मग तो हसला. "आणि भाच्यानं नेलेलं कुणी परत मागतं होय?"

किम्बाच्या काळजाला घरं पडली. नुसती चोरी त्यानं पचवली असती. पण या पोरानं हसण्याच्या रीतीचंच कुलूप करून त्याच्या तोंडाला घातलं होतं.

"तू नेलंस, तो तुझा हक्क," तो सावकाश म्हणाला. "ही कंपनी माझ्या कुठल्या बहिणीची लेक?"

किम्बा उठला तसा सुमानाही दारापर्यंत आला आणि नेहमीच्या शिवीची वाट बघत थांबला.

"येतो मी, सुमानासाहेब. तुम्ही बसा."

"मामा, असं नको बोलूस. शिवी दे."

"परक्या माणसाला शिवी कशी देऊ?" किम्बा म्हणाला आणि गाडीतळाच्या वाटेला लागला.