टायर नव्हे, टायरॉड

गाडी फूटपाथच्या कडेवर चढली तेव्हा अप्पा चालवत होते आणि मी शेजारी बसून ऑफिसच्या मेलला उत्तर लिहीत होते. आवाज फार मोठा नव्हता. तुरीचं पोतं कुणीतरी थप्पीवरून खाली टाकावं तसा. डावं चाक वर गेलं, खाली आलं. अप्पांनी गाडी थांबवली नाही. सिग्नलला आल्यावर म्हणाले, "ही कधीपासून डावीकडं ओढतीये. सांगत होतो की."

त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पण मी गाडी क्वचितच चालवायचे, त्यामुळे ती ओढते की नाही ते मला माहीत नव्हतं. मी नुसतं "हं" म्हणाले.

त्या दिवसापासून मात्र ती खरंच ओढू लागली. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडे तिरकं धरून ठेवावं लागायचं, आणि जरा हात सैल केला की गाडी डाव्या कडेला निघायची. अप्पांना हे जणू आवडलं. जेवताना ते आईला रोज सांगत, "गाडीतच खोट आहे." आई त्यांना काही बोलत नसे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तुझ्या अप्पांना म्हणावं, डोळे दाखवून या परत." अप्पा तिच्या शेजारीच बसलेले असत. आमच्या घरात बरीच बोलणी अशी माझ्यावरून जातात. शाळेत असताना मला याचं काही वाटत नसे. आता संध्याकाळपर्यंत त्याचाच शीण येतो.

डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की डोळ्यांत प्रेशर आहे, कडेची नजर हळूहळू जाते, माणसाला ते कळतही नाही. अप्पा थेंब घालत होते, कधी विसरत होते. त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ताटात डावीकडे वाढलेली चटणी तशीच राहायची आणि ते "चटणी नाही का आज?" असं विचारायचे. मी वाटी मधे सरकवायचे. बोलायचे नाही.

कारण बोललं की पुढचा प्रश्न येणार होता. दुधनीला बाजार समितीत अप्पांचं अडतीचं दुकान आहे आणि ते रोज सोलापुरातून गाडीनं जातात. एसटीनं येणारा अडत्या दिसला की लोक म्हणतात, याचं दुकान बसलं. ड्रायव्हर त्यांनी ठेवून पाहिले. एक फोनवर फार बोलतो, दुसरा फारच गप्प म्हणून गेला. भाऊ पुण्याला. घरात लायसन असलेली आणखी एकच व्यक्ती, आणि ती दिवसभर खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसते, म्हणजे सगळ्यांच्या मते घरीच असते. त्यामुळे शनिवारी आम्ही चाकांच्या अलाइनमेंटच्या दुकानात गेलो तेव्हा दोष गाडीतच सापडावा असं अप्पांइतकंच मलाही वाटत होतं.

दुकान अक्कलकोट रोडला आहे. मालक मोबाइलवर कुस्ती बघत बसला होता. नजर न उचलता त्यानं विचारलं, "वढतीया का थरथरतीया?"

"ओढते," मी म्हणाले.

"मग बॅलन्सिंगचं काम न्हाय. थरथरली असती तर बॅलन्सिंग. कुटं घातली?"

"घातली नाही," अप्पा म्हणाले. "आधीपासूनच ओढत होती. फूटपाथला जरासं घासलं, ते त्यामुळंच."

"व्हय व्हय. सगळ्यांचं जरासंच घासतंय." मालकानं मोबाइल खिशात टाकला, गाडी रॅम्पवर घेतली आणि खाली उतरून चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. मग बॅटरीच्या उजेडात बराच वेळ वर बघत राहिला. मी बाकावर बसले होते. मला इतकं थकल्यासारखं वाटत होतं की निकाल काहीही लागू दे, पण इथंच लागू दे, असं झालं होतं.

खालून आवाज आला, "टायरॉड वाकलाय."

अप्पा एकदम ताठ झाले. "ऐकलंस?" ते मला म्हणाले. "टायर! मी म्हणत नव्हतो? टायरच खराब. बघा हो, टायर नीट बघा, कधीपासून खराब आहे ते सांगा हिला."

मला शब्द कळला होता. चाकाला स्टिअरिंगशी बांधून ठेवणारा दांडा. इंग्रजी शाळेत शिकल्यावर असले शब्द नीट ऐकू येतात, पण वडिलांना चारचौघांत दुरुस्त करायची सवय लागत नाही. मालकच हसत वर आला.

"टायर न्हाय मालक, टाय-रॉड. दांडा. पर म्हणताय तर टायर बी बघू की."

त्यानं डाव्या चाकाच्या नक्षीवरून तळवा फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. मग अप्पांचा हात धरून तिथं ठेवला.

"हे बघा. गाडी लई दिवस वढत असती तर हे एका कडंनं दाढी केल्यागत गुळगुळीत झालं असतं. हे समदं सारखं झिजलंय. टायर एक नंबर हाय तुमचं. दांडा वाकलाय तो फूटपाथच्या दणक्यानं. त्याच्या आदी गाडी सरळ चालत हुती."

त्याला वाटलं त्यानं चांगली बातमी दिली. अप्पा हात तसाच टायरवर ठेवून उभे राहिले.

दांडा बदलून, मशीनवर चाकं लावून होईपर्यंत दुपार झाली. मग मालक ट्रायलला अप्पांच्या शेजारी बसला, मी मागे. कुंभारीच्या बाजूला रस्ता मोकळा आहे. तिथं तो म्हणाला, "हात सोडा बघू." अप्पांनी हात उचलले. गाडी रूळ असल्यासारखी सरळ गेली.

"धरा आता."

अप्पांनी धरलं. मालक पुतण्याच्या लग्नाबद्दल काही सांगत होता. डावीकडचा पांढरा पट्टा हळूहळू आमच्याकडे आला आणि चाकाखाली गेला. मालकानं बोलता बोलता एका बोटानं स्टिअरिंग उजवीकडे सारलं. थोड्या वेळानं पट्टा परत आला. त्यानं परत सारलं, आणि मोठ्यानं हसला.

"मालक, आता गाडी वढत न्हाय की. तुमीच वढताय!"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अप्पाही हसले, लिलावात भाव पडला की हसतात तसे. परत येईपर्यंत ते फार सावकाश चालवत होते.

मालकाला दुकानापाशी सोडल्यावर अप्पा गाडीतून उतरले आणि बोनेटला टेकून उभे राहिले. मीही उतरले. मोटारसायकलवरून दोन मेंढ्या घेऊन एक माणूस गेला, त्याच्याकडे ते बघत होते.

"तुझी ती मीटिंग सकाळी किती वाजता असते?" त्यांनी विचारलं. माझ्या कामाबद्दल त्यांनी याआधी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

"दहाला."

"लिलाव त्याच्यानंतरच असतोय. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तुझं काम होतंय का? नेट आहे तिथं."

"बघते," मी म्हणाले.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. ती गाडीलाच होती. ते फक्त पलीकडच्या बाजूला गेले आणि दार उघडायला हँडल शोधू लागले. मी सीट पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीला लावले. शहरात शिरल्यावर, मी गिअर बदलत असताना, अप्पा म्हणाले, "त्या खोलीत पंखा नाही. सोमवारी बसवून घेतो."