स्लाइडला पडलेला पोचा

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही नवरा-बायकोने ट्रॉम्बोन धुतला. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. तेव्हा तसं काही वाटलं नाही. महिन्यातून एकदा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडावर, हे आमचं ठरलेलंच होतं.

ट्रॉम्बोन पुष्कळांना ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. बँडमध्ये पितळेचं एक लांब वाद्य असतं. वाजवणारा उजव्या हाताने त्याची नळी पुढे ढकलतो, मागे ओढतो, ते. त्या सरकत्या नळीला स्लाइड म्हणतात. बटणं नाहीत, खुणा नाहीत. सात जागा आहेत, त्या मनगटाला पाठ पाहिजेत. आत घाण बसली की स्लाइड अडते, आणि भर वरातीत अडली तर वाजवणाऱ्याची शोभा होते. म्हणून धुवायची. बायको स्लाइड उभी धरायची, मी कोमट पाणी ओतायचो. मग तिच्या जुन्या सुती साडीची पट्टी सळईला गुंडाळून आतून फिरवायचो. लग्न झालं त्या वर्षापासून तीच धरत आली. दुसऱ्या कुणाच्या हातात मी स्लाइड दिली नाही. शिकायला येणाऱ्यांच्या तर नाहीच.

"नळकांड्याला कोमट पाणी," ती म्हणाली, "आणि मी सकाळी गार पाण्याने न्हाले."

"गीझर कुणी बंद केला? मी?"

"नाही हो. नळकांड्याने केला."

मी हसलो. तेवढ्यात स्लाइड तिच्या हातातून सुटली आणि दगडाच्या कडेवर आपटली.

मी आधी स्लाइड उचलली. उजेडात धरली. मधोमध पोचा पडला होता, बोटाला लागत होता. मग माझं तोंड सुटलं. "धरवत नव्हतं तर सांगायचं होतंस! इतकी वर्षं धरतेस, अक्कल कुठे गेली?"

"मला कळलंच नाही," ती म्हणाली, "कधी सुटली ते."

"कळलं नाही म्हणे. झोपली होतीस का?"

एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. दगडावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मी ते पाहिलं. पाहून वाटलं, बरं झालं, चूक कळली हिला.

माझी शाळा चौथीपर्यंत. बापाने शिवाजीनगरच्या, पुण्याच्या नव्हे, इथल्या कानडी मुलखातल्या, बँडमध्ये नेऊन उभा केला तो तिथेच राहिलो. लग्नं वाजवली, जत्रा वाजवल्या, मयती वाजवल्या. बँड चालताना ट्रॉम्बोनवाला सगळ्यांत पुढे असतो. मागे ठेवला तर स्लाइड पुढच्याच्या टाळक्यात बसते. त्यामुळे मयतीत आमची पाठ कायम तिरडीकडे. इतकी माणसं मी पोचवली, त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलं नाही.

पुढे वराती कमी झाल्या. गाडीवर स्पीकरचे मोठे डबे चढवून गाणी लावायला लागले लोक. आमच्यातले कुणी ऑटो चालवतात, कुणी गेटवर बसतात. मी शिकवायला लागलो. त्यातली एक मुलगी पुण्याची, के. आर. पुरमकडे कंपनीत कामाला. दर शनिवारी चार वाजता गाव ओलांडून बनशंकरीला आमच्या घरी यायची. जगात कुठे कोण कसा ट्रॉम्बोन वाजवतो ते तिच्या फोनवर दाखवायची. परदेशातले गोरे बुवा स्लाइड अशी सोडतात की जणू ती आपणच चालली आहे. आम्ही तिघं बघत बसायचो. बायको म्हणायची, "ह्याच्या घरी कोण धुतं हो?"

त्या मुलीला मी एकच गोष्ट घोकून शिकवली. नळीकडे बघू नकोस, मनगटाकडे बघ. नळी चुकत नाही, मनगट आधी ढिलं पडतं. कुणाचं मनगट ढिलं पडलं की मला रस्त्यापलीकडून कळतं, असं मी फुशारकीने सांगायचो.

स्लाइड कापडात गुंडाळून मी तडक शिवाजीनगरच्या मिस्त्रीकडे निघालो. घरातून बाहेर पडताना माणूस "येतो" म्हणतो. मी म्हटलं नाही. तोंड फुगलं होतं. चार वाजता शिकवणी आहे हेही रागात विसरलो.

मिस्त्री जुना ओळखीचा. त्याने स्लाइड डोळ्याला लावली. "कुणी पाडली, अण्णा?"

"बायकोने."

"अक्कांनी? अक्कांच्या हातून कधी पडत नाही."

"म्हातारी झाली आता."

"सरी, ठीक आहे, ठेवून जा. आतून सळई घालून हळूच काढतो."

पण मी गेलो नाही. त्याच्याशी जुन्या बँडच्या गप्पा मारत बसलो. घरी जाऊन तिचं तोंड बघायचं नव्हतं, खरं सांगायचं तर. मग फोन वाजला. ती पुण्याची मुलगी.

"सर, कुठे आहात तुम्ही? काकूंनी डाव्या हाताने कडी काढली. बोलणं क्लिअर नाहीये. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावलीय."

"दमली असेल. पाणी दे, बसव तिला."

"नाही सर, त्या बसल्यावरही एका बाजूला कलतायत. आणि उजवं मनगट बघितलं मी. अगदी गेलंय, सर. अगदीच."

मग मला कळलं. दुपारी माझ्यासमोर, हातभर अंतरावर होतं ते मनगट. मी पोचा चाचपत होतो.

शनिवारची गर्दी, ऑटो जागचा हलेना. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सहा वाजले होते. बायको खाटेवर होती, डोळे मिटलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर तरुण होता. कागदावर लिहीत होता. "कधीपासून? चार वाजल्यापासून ना?" मुलीने त्याला तसंच सांगितलं होतं. तिने दार वाजवलं ती वेळ.

मी म्हणालो, "नाही. दोन वाजल्यापासून. हातातली वस्तू पडली तेव्हापासून."

त्याचं पेन थांबलं. "आणि तेव्हा घरी कोण होतं?"

"मी होतो."

त्याने चार खोडलं आणि दोन लिहिलं. मेंदूत रक्त अडकलं होतं म्हणे. लवकर आणलं असतं तर औषध लागू पडायची आशा होती. नक्की वाचली असती असंही तो म्हणाला नाही, पण नसती वाचली असंही म्हणाला नाही. दिवे लागायच्या सुमाराला ती गेली. त्याआधी एकदा डोळे उघडले. मी म्हटलं, "अगं, पोचा निघतो म्हणतोय मिस्त्री." दुसरं काही सुचलंच नाही. ऐकलं की नाही, देव जाणे.

सकाळी बँड दारात आला. बोलवावं लागत नाही. आमच्यात कुणाच्या घरचं माणूस गेलं की सगळे आपणहून गणवेश घालून येतात, आणि ज्याच्या घरचं गेलं तोही वाजवतो. बाप गेला तेव्हा मी वाजवलं होतं, पुढे उभा राहून. मिस्त्री स्लाइड घेऊन आला होता. पोचा काढलेला. बोट फिरवलं तर जागाही सापडेना.

ट्रम्पेटवाला म्हणाला, "अण्णा, पुढे या. तुमची जागा मोकळी ठेवलीय."

मी ट्रॉम्बोन जोडला. स्लाइड एकदा पुढे-मागे केली. पाण्यासारखी सरकली. ती पुण्याची मुलगी भिंतीला टेकून उभी होती, रात्रभर रडलेली. मी तिच्याजवळ गेलो आणि अख्खा ट्रॉम्बोन तिच्या हातात दिला.

"सर, मला नाही वाजवता येणार आत्ता."

"वाजवू नकोस. नुसती धर."

मग तिरडीजवळ आलो आणि पांढऱ्या कापडाखाली हात घातला. मेहुणा, तिचा धाकटा भाऊ, मडकं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "दाजी, असं करू नये हो. बांधलंय सगळं."

"सोडव तेवढं."

"लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने मडकं खाली ठेवलं आणि दोरी थोडी ढिली केली. मी तिचा उजवा हात बाहेर काढला. मनगट धरलं. गार आणि ताठ होतं. स्लाइडला लावायच्या क्रीमचा वास बोटांना अजून होता.

बँड वाजायला लागला. पुढची एक जागा रिकामी ठेवूनच चालले सगळे. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती. तिथपर्यंत मी बँडच्या मागून चाललो, तिरडीच्या बाजूने, तिचं मनगट धरून.