निखाऱ्यावरचे खिम्याचे गोळे

नवऱ्याला शिफ्ट इन्चार्ज केलं तेव्हा त्याच्या सोबत्यांनी पार्टी मागितली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा कारखाने नवे होते आणि पार्टी हा शब्दही नवाच होता. आधीच्या दोघातिघांनी घरी बोलावून पाजलं-खिलवलं होतं. आता पाळी आमची.

आम्ही बौद्ध. कारखान्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणी कधी त्याबद्दल बोलत नव्हतं. डबे एकत्र उघडायचे, चहा एकाच किटलीतून यायचा. पण कॅन्टीन वेगळं आणि आमचं घर वेगळं. घरी आजवर कुणी जेवायला आलं नव्हतं.

मी कालनिर्णय घेऊन बसले. शनिवार नको, मारुतीचा वार. मार्गशीर्षातले गुरुवार, पौषातले सूर्याचे रविवार संपू देत. चतुर्थी नको, एकादशी नको, अमावास्या नको. शेवटी माघातला एक साधा रविवार काढला, ज्या दिवशी कुणालाही काही पाळायचं कारण नव्हतं. नवरा म्हणाला, एवढं काय बघतेस. मी म्हटलं, बायकांचे उपासतापास बघावे लागतात. खरं म्हणजे मी एकेक पळवाट बुजवत होते.

करायचं काय, हे त्यानेच ठरवलं. मुंबईला ट्रेनिंगला गेला होता तेव्हा तिथल्या हॉटेलात जेवणाआधी खिम्याचे लहान लहान गोळे फिरवले होते, आंबटगोड रश्शात मुरलेले, काडी टोचून उचलायचे. तसे कर म्हणाला. ते कसे करतात हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सासूबाई पोलादपूरकडच्या आमच्या गावाहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खिमा कडक होतो गो. घाई नाय करायची. सकाळी निखाऱ्यावर ठेव, सांजपर्यंत ऱ्हाऊदे."

त्या रविवारी उजाडायच्या आत नवरा बाजारातून खिमा घेऊन आला. मी पाव भिजवून पिळला, कांदा तांबूस परतला, आलं-लसूण-मिरची वाटली, भाजलेल्या डाळ्याचं पीठ घातलं आणि सगळं मळून सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळले. एखादा गोळा फुटला की तो पुन्हा मळून वळायचे. पसरट पातेल्यात टोमॅटोचा रस, गूळ आणि चार आमसुलं घालून त्यात ते अलगद सोडले. सासूबाईंनी झाकणाची कड कणकेने लिंपली, शेगडीतल्या निखाऱ्यावर राख पसरली आणि झाकणावर चार निखारे ठेवले. काड्यांसाठी त्यांनीच माडाच्या झावळीचे हीर सोलून सारखे कापले.

मग काही करायचं उरलं नाही, आणि तेच वाईट झालं. झाकण उघडायचं नव्हतं. मी खुर्च्या हलवल्या, परत होत्या तिथे ठेवल्या. पडदा बदलला. शेजाऱ्यांकडून आणलेले काचेचे ग्लास धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पुढच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्यावरचा हार सुकला होता. नवा घालावा की नुसताच काढावा, या विचारात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. नवा घातला. नवऱ्याने ते पाहिलं आणि तो बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिला.

दिवे लागले तरी कुणी आलं नाही. तो फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, चपला न काढता पुन्हा वळायचा. मी म्हटलं, येतील. थोड्या वेळाने तो म्हणाला, येतील ना? सासूबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की आले नाय तर आपण खाऊ, आपल्यालाही तोंड हाय. मला त्यांचा राग आला. त्यांना हे नवीन नव्हतं, म्हणून त्यांचा आवाज इतका शांत होता, आणि तो शांतपणा मला नको होता.

मग मोटारसायकलींचा आवाज आला. कारखान्यात थंड पाण्याचा पंप बंद पडला होता, पाळीवरच्या सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं. माणसं अंगाला कारखान्यातल्या रसायनांचा वास घेऊन तशीच आली, मोरीवर हात धुतले आणि भुकेने बसली. मागोमाग नवऱ्याचे साहेब आणि त्यांची बायको आली. तिला सगळे वहिनी म्हणत. मी कणीक फोडली. गोळे अख्खे होते, रस दाटून त्यांना चिकटला होता. बशी फिरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. साहेबांनी हीर बोटात धरून विचारलं, हे काय आहे, आणि सांगितल्यावर हसले.

मी मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी घेतलं, कुणी घेतल्यासारखं करून बशीत ठेवलं. बशी वहिनींपुढे गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नको. आज उपास आहे."

रविवारचा, माघातला उपास. माझे कान तापले. त्यांनी पाणी मागितलं, ग्लास तोंडाला लावून सगळं प्यायल्या. म्हणजे आमच्या घरचं पाणी चालतं. मग गोळा का नाही? सगळे पोटभर खाऊन, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून गेले आणि मी भांडी घासताना एकाच बाईचा विचार करत होते. नवरा खुशीत होता. त्याला मी काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात साहेबांकडे पार्टी ठरली. वहिनी स्वतः आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, सगळ्यांना तुमचेच गोळे हवेत. तुम्ही आमच्याकडे येऊन कराल का? मी हो म्हटलं. त्या गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "सैपाकघरात का पडवीत?" मला ठाऊक नव्हतं.

पडवीत निघालं. मागच्या दाराशी शेगडी पेटवून ठेवली होती. मी मुकाट्याने खिमा मळायला घेतला. वहिनी पायरीवर येऊन बसल्या, कोथिंबीर निवडू लागल्या. दुपारभर त्या तिथेच होत्या. झाकणावरचे निखारे विझत आले की चिमट्याने बदलत होत्या. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी खरंच उपास होता?"

त्यांनी मान वर केली नाही. "नव्हता," म्हणाल्या. "माझा मुलगा आजारी होता तेव्हा मी मटण सोडलं. तो बरा होईल म्हणून. झाला नाही. तेव्हापासून घरात चुलीवरही चढवत नाही, इथे बाहेरच करते. सगळ्यांसमोर काय सांगणार होते?"

त्यांनी कोथिंबिरीचं ताट माझ्याकडे सरकवलं. ती मी बारीक चिरली.

त्या संध्याकाळी गोळे चांगले झाले. पहिल्या वेळेपेक्षा चांगलेच. घरी परतताना नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघ, तू उगाच जीव जाळत होतीस. माझा वहिनींवर विश्वास बसला होता, आजही आहे. पण पुढच्या खेपेला आमच्याकडे माणसं आली तेव्हा बशी हातात घेऊन मी पुन्हा एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी होते.