भिंतीवरचा डबा

माझ्या वस्तूंना माझ्याजवळ राहायला कधी आवडलंच नाही. छत्री एसटीत, चष्मा न्हाव्याकडे. घरी असताना आई मागून वेचत यायची आणि वेचताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. तो पट्टा मला नकोसा व्हायचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होतं तेव्हा तिथल्या हत्यारांच्या स्टोअरमध्ये मला नोकरी लागली. घिवलीत एका वाडीच्या कडेला खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की आपल्यावर ओरडायलाही माणूस लागतं.

कामावर सगळी हिंदी, तीही पंजाबी नाहीतर मल्याळी वळणाची. माझी हिंदी ऐकून लोक हसत, म्हणून मी कमी बोलायला लागलो. संध्याकाळी खोलीवर आलो की स्टोव्हची पिन शोधण्यात वेळ जायचा. पिन सापडली की काडेपेटी नाही. एकदा काडेपेटी शोधता शोधता जुना पेपर वाचत बसलो आणि उपाशीच झोपलो.

मी सगळ्यात जास्त विसरायचो तो माझा पितळी कडीचा डबा. सकाळी विहिरीवर तोंड धुवायला जाताना घासायला म्हणून बरोबर न्यायचा आणि कठड्यावर ठेवून यायचा, हे ठरलेलंच. संध्याकाळी घरमालकीण काकी तो घेऊन दारात उभी.

"भाऊ, तुमचा डबा. तुमाला काय भूल पडते काय रोज?"

डबा कधी रिकामा नसायचा. कधी उकडलेलं कोनफळ, कधी सुक्या बोंबलाची चटणी, काहीच नसलं तर दोन केळी. पहिल्यांदा मी संकोचलो तर म्हणाली, "दुसऱ्याचं भांडं रिकामं धाडत नाय आमी." मग उंबऱ्याशी टेकून बोलत राहायची. विहिरीचं पाणी कसं उतरलंय, सुरुंगाच्या आवाजानं म्हैस कशी बिथरते, लेक दिलीय वाणगावला पण यायचं नाव काढत नाय. तिचा नवरा दिवसभर वाडीत आणि घरी आला की मुका. दिवसभरात माझ्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. तेव्हा मला ते फारसं जाणवलं नव्हतं.

एक दिवस मी एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात सपात घालून कामावर गेलो. अख्खं स्टोअर दिवसभर माझ्या पायांकडे बघून हसत होतं. माझं डोकंच फिरलं. आमच्या स्टोअरमध्ये एक मोठी फळी होती. प्रत्येक हत्याराला एक खिळा आणि खिळ्याभोवती रंगानं काढलेली त्या हत्याराची आकृती. पाना जागेवर नसला की त्याची रिकामी आकृती लांबूनच दिसायची. म्हटलं, लोखंडाला शिस्त लागते तर मला का लागू नये?

सुट्टीच्या दिवशी खिळे ठोकले, गेरू कालवला आणि चुन्याच्या भिंतीवर माझा सगळा संसार काढला. तवा, छत्री, किल्ली, कंदील, चपलांचा जोड आणि मधोमध कडीचा डबा. आणि काय सांगावं, जमलं! बाहेर पडताना भिंतीकडे एक नजर टाकायची. रिकामी आकृती दिसली की ती वस्तू आणून तिथे अडकवायची. मी वेळेवर जेवायला लागलो. विहिरीवरून येताना डबा हातात असायचा. स्वतःवर मी इतका खूश होतो की सांगायची सोय नाही.

कधीतरी कालवण घालून आणलेली काकीची एक वाटी तेवढी माझ्याकडे राहिली होती. भिंतीवर तिची आकृती नव्हती, म्हणून ती डोळ्यांना खुपायची. मी ती राखेनं लख्ख घासली आणि तिच्या ओट्यावर पालथी ठेवून आलो.

त्यानंतर काकी आली नाही. आधी वाटलं कामात असेल, मग वाटलं आजारी असेल. पण विहिरीवर दिसायची तेव्हा चांगली ठणठणीत असायची आणि मान फिरवून घ्यायची. संध्याकाळी मी भिंतीसमोर बसायचो. सगळं जागच्या जागी. ठेवलेली वस्तू कोणी हलवत नव्हतं, कारण हलवायला कोणी नव्हतंच. मी उगाच तवा उतरवून पुन्हा अडकवायचो.

एका सकाळी केळीआडून काकीचा आवाज ऐकू आला. शेजारणीला सांगत होती, "भाऊ आता शाना झाला. वाटी रिकामी पालथी टाकून गेला. त्याला आमचं काय लागत नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आईसुद्धा शेजारचं भांडं परत करताना त्यात निदान चिमूटभर साखर घालायची. ते मी जन्मभर पाहिलं होतं, पण ते काम कधी माझं नव्हतं.

बोईसरच्या बाजारातून गूळ आणि शेंगदाणे आणले. मला दुसरं येत काय होतं? डबा भरून तिच्या ओट्यावर ठेवला. काकीनं झाकण उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "डबा मागाहून देते," एवढंच म्हणाली.

"घाई नाही, काकी."

त्या संध्याकाळी भिंतीवर डब्याची आकृती रिकामी होती. मी तिच्याकडे बघत बसलो. कोणीतरी येणार होतं.

ती आली. डब्यात अळूवड्या होत्या आणि तोंडात वाणगावच्या लेकीची तक्रार. पुढे घिवलीत होतो तोवर मी बाकी सगळं सांभाळलं आणि डबा तेवढा नेमानं विसरत राहिलो.

मग कॉलनीत क्वार्टर मिळालं. नव्या भिंती, एकसारखी दारं, सगळी बंद. तिथेही मी खिळे ठोकले, गेरू कालवला. काही दिवसांनी शेजारच्यांकडे पेढे दिले आणि डबा तिथेच सोडून आलो. संध्याकाळभर रिकाम्या आकृतीसमोर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर डबा माझ्या दारात होता, स्वच्छ घासलेला, पालथा. मी तो उचलला आणि खिळ्याला अडकवला.