सचकाटा रचणारी नाजिया

वहिदाला थोरल्या लेकीची, नाजियाची, एक काळजी काही केल्या सुटत नव्हती. ही पोरगी कुणाच्याही तोंडावर खरं बोलून मोकळी होते. उद्या परगावी हिला सांभाळून घेणार कोण?

नाजियाचे अब्बा जलील कंधारला घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात मोडक्या काट्यांशी खेळता खेळता तिनं लहानपणीच मनातला एक मुलूख रचला, त्याच्या गोष्टींनी वह्याच्या वह्या भरल्या. त्या मुलखात सचकाटा नावाचं यंत्र होतं. पितळी तबकडी, एकच काटा. दरबारात कुणी खोटं बोललं की काटा फिरायचा, पण बोलणाऱ्याकडे नाही. ते खोटं माहीत असून गप्प बसलेल्याकडे. राजानं तो तीनदा विहिरीत टाकला. तिन्ही वेळा पोहऱ्यातून वर आला.

यंदा नाजियाचा मेडिकलला नंबर लागला. अभ्यास सगळा घरी केलेला. लातूरच्या क्लासला ती शेवटचे दोन महिने गेली, तेही फक्त सराव पेपर द्यायला. आता तिथल्या शंकरप्पा सरांना चौकातल्या फलकावर तिचा फोटो हवा होता, खाली ‘दोन वर्षांची नियमित विद्यार्थिनी’. कॅमेऱ्यासमोरही तसंच बोलायचं. बदल्यात धाकट्या कहकशांला फुकट शिकवणार. जलीलनी हो म्हटलं. वहिदा काहीच बोलली नाही.

लातूरला कॅमेरा सुरू झाला आणि नाजिया म्हणाली, “मी इथं दोन महिने पेपर सोडवले. शिकले घरी.”

ती घरी पोचायच्या आत सरांचा फोन आला. पोरीला समजवा, नाहीतर धाकटीचं विसरा. फलक तर छापायला गेलाच आहे.

“दोन वाक्यांनी तुझं काय झिजतंय?” जलील म्हणाले. “बहिणीचं तरी बघ.”

“अब्बा, बंद घड्याळ चालू म्हणून विकता का तुम्ही?”

ते टोपी उचलून नमाजला निघून गेले. शेंगा सोलणारी कहकशां म्हणाली, तिला तो क्लास नकोच. “आपा शिकवंल. मारते लई, पण शिकवते.”

नाजिया आईकडे वळली. “अम्मी, तू का गप्प?”

पोरींसमोर वहिदाची मान खाली गेली, आणि त्या शरमेतूनच तिला राग आला. तिनं ओले हात पदराला पुसले, नाजियाकडून सरांचा नंबर मागितला. फलक लावायचा नाही, आणि धाकटीची ती फुकटची जागाही आम्हाला नको, हे आता तीच त्यांना सांगणार होती.