खिडकीकडे पाहणारं अस्वल

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. लख्खोबांच्या बायकोला ही म्हण मुळीच मान्य नव्हती. "आमचं छत्तीस वर्षं त्यावरच भरलं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, आणि ते अगदी खरं होतं. लख्खोबा संग्रहालयात हाडं साफ करायचे. पृथ्वीवरून कधीच नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या कवट्या आणि जबडे मातीत लडबडून त्यांच्या ओट्यावर यायचे आणि लख्ख होऊन काचेच्या कपाटात जायचे. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. एक खिडकी, एक नळ, बरण्यांतून मऊ ब्रश, व्हिनेगरचं पाणी आणि दंतवैद्याकडून मागून आणलेल्या वाकड्या टोकाच्या सळ्या. दातांवर त्यांचा विशेष जीव. दातांच्या मुळाशी पिवळट, कडक थर साचतो ना, आपल्याही साचतो, तो त्यांना बघवायचा नाही. आधी व्हिनेगर, मग सळी, मग ब्रश. केसाळ हत्तीची विटेएवढी दाढ त्यांनी नऊ दिवस घासली होती. संचालकबाई पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमच्याकडे एक मळका दात दाखवा, मी खुर्ची सोडते." हे वाक्य ऐकायला मिळावं म्हणून लख्खोबा काहीतरी काम काढून दाराशी घुटमळायचे. माणसाला एवढा मोह असायचाच.

निवृत्तीला आठवडा राहिला होता, तेव्हा एक संशोधक पोरगी आली. पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. ओळख झाल्या झाल्या म्हणाली, "काका, मला दातांवरचा मळ हवाय."

लख्खोबांना वाटलं, थट्टा करतेय. पण तिने स्टुलावर बसून नीट समजावलं. तोंडातले जंतू त्या थरात अडकतात आणि थर दगडासारखा घट्ट होतो. प्राणी मरतो, त्याची अख्खी जात संपते, तरी जंतूंच्या डीएनएचे तुकडे त्या थरात हजारो वर्षं टिकून राहतात. ते वाचता आले की त्या प्राण्याच्या तोंडात कोण नांदत होतं, त्याला काय दुखणं होतं, ते कळतं.

"म्हणजे जो मळ मी काढला..." लख्खोबा म्हणाले आणि थांबले. त्यांची नजर मोरीकडे गेली.

दोन दिवस पोरीने हातात बॅटरी घेऊन एकूण एक जबडा पाहिला. तरस, घोडे, केसाळ हत्ती, सगळे चकाचक. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बॅटरी बंद केली. "काका, एवढं स्वच्छ कुणी ठेवतं का हो?"

छत्तीस वर्षं हेच वाक्य त्यांनी कौतुकाने बोललेलं ऐकलं होतं. या पोरीच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. तिचं हे शेवटचं संग्रहालय. काहींनी दारातूनच नकार दिला होता, बाकीच्यांकडे थर इतका थोडा निघाला की तपासणीला पुरेना. इथून रिकाम्या हाताने गेली, तर तीन वर्षांचं काम गुंडाळावं लागणार होतं.

"ते कोपऱ्यातलं अस्वल?" तिने शेवटचं म्हणून विचारलं. "त्याची डावी बाजू भिंतीकडे आहे, दिसत नाही."

"तेही तसंच आहे," लख्खोबा म्हणाले. जरा जास्तच घाईने म्हणाले.

खोटं होतं ते. बावीस वर्षांपूर्वी गुहेतल्या त्या अस्वलाची कवटी ओट्यावर आली. उजवी बाजू झाली, आणि नेमकी त्याच आठवड्यात लख्खोबांची स्वतःची दाढ उठली. दंतवैद्याकडून गाल फुगवून परतले, सळी उचलली, कवटी उलटी केली, तर डाव्या दाढेखाली हाड सुजून भोक पडलेलं. पू झाला असणार. आपल्या गालात ठणका असताना त्या दाढेवर सळी चालवायला हात उठेना. उद्या करू, परवा करू, असं करता करता दालनाच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला आणि अस्वल डावा गाल भिंतीकडे करून बसवलं गेलं. लोकांना वाटलं, काय सुंदर कल्पना आहे, ते खिडकीतून बाहेर पाहतंय! दरवर्षी तपासणी आली की लख्खोबा नेमके कपाट आणि भिंतीमधल्या फटीत उभे राहायचे.

त्या संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "आज भाजीत मीठ घालायचं राहिलंय आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. काय झालंय?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "बावीस वर्षं एक दात लपवलात होय! मला वाटलं, काय भानगड आहे."

"तुला हसू येतंय. पाच दिवस राहिलेत गं. बाई काय म्हणतील?"

"त्या पोरीची तीन वर्षं आहेत," बायको म्हणाली आणि मिठाचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी संचालकबाईंचा निरोप घेत होती, तेव्हा लख्खोबा कपाटाची किल्ली घेऊन आत गेले. "बाई, आपल्याकडे एक दात मळका आहे. माझ्याकडून राहिलाय."

तिघांनी मिळून कवटी फिरवली. डाव्या दाढांवर बोटाच्या पेराएवढा जाड, तपकिरी थर. पोरीने तोंडावर हातच ठेवला. लख्खोबांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग बाई आपल्या खोलीत गेल्या, स्वतःची खुर्ची ओढत घेऊन आल्या आणि पोरीला म्हणाल्या, "सोडली बघ. बस हिच्यावर आणि नीट खरवड."

जाण्याआधी पोरीने लख्खोबांच्या गालातूनही कापसाच्या काडीवर नमुना घेतला. त्यांचे उघडे हात त्या दातांना लागले होते. त्यांचे जंतू कुठले आणि अस्वलाचे कुठले, हे वेगळं काढायला हवं होतं. डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "सरमिसळ निघाली तर मला आधी कळवा. मला शंका होतीच."

आठ महिन्यांनी पोरगी घरी आली. अस्वलाच्या थरात जुने जंतू मिळाले होते, भरपूर. त्यांत दाढेच्या मुळाशी पू करणाऱ्या जंतूंची एक जात होती, माणसांच्या तोंडात सापडते तिच्या अगदी जवळची. "काका, बिचाऱ्याला कितीतरी महिने दुखत असणार," ती म्हणाली.

"म्हणूनच तर त्या बाजूने चावत नव्हतं ते," लख्खोबा म्हणाले. "चावलं नाही की मळ साचतो. मीही तेव्हा महिनाभर उजवीकडूनच जेवायचो." पोरीने वही काढून ते लिहून घेतलं. लख्खोबांना आपल्या दाढेचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढच्या रविवारी नवराबायको तिकीट काढून संग्रहालयात गेले. अस्वल आता फिरवून ठेवलं होतं, डावा गाल लोकांकडे. कपाटासमोर एक बाई नाक मुरडून नवऱ्याला म्हणत होती, "बघ, एवढं मोठं संग्रहालय, पण एक दात घासायला यांना माणूस मिळाला नाही!"

बायकोने लख्खोबांना कोपराने ढोसलं. लख्खोबांनी सदरा नीट केला आणि पुढे झाले.

"माणूस होता, बाई," ते म्हणाले. "मीच तो."